आखरी निवास ते ऑक्सिजन पार्क

वर्धा जिल्ह्यात थीम पार्क नाही. पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतील तर नागपूरच्या वाटेला लागायचं, आणि लोखंडी रुळांवर उलटं टांगून घ्यायची हौस असेल तर थेट खोपोली गाठायची. तरी दिवाळी आटोपून थंडी पडली, शाळांच्या सहली निघाल्या, की सेवाग्राम आश्रमासमोर एसटीच्या लाल गाड्या एकामागे एक लागतात. सर पोरांना दोन-दोनच्या रांगेत उभं करतात, "आवाज नाही करायचा" म्हणून दम भरतात, आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "सर, इथं झुले नाहीत का जी?"

पोराचं काही चुकत नाही. त्याला आठवडाभर 'सहल, सहल' म्हणून सांगितलेलं असतं. त्या शब्दाबरोबर झुले, छोटी आगगाडी आणि आइस्क्रीम त्याच्या डोक्यात जाऊन बसलेलं असतं. समोर येतात कवेलूंची छपरं, सारवलेली जमीन आणि शांतता राखा म्हणणारे सर. माणूस ठिकाणाला पोचण्याआधी नाव माणसापर्यंत पोचतं. काय बघायचं आणि कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे निम्मंअधिक तिथेच ठरून जातं. करमणुकीच्या उद्यानांचा धंदा करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे ते नावावर डोकं आणि पैसा दोन्ही खर्च करतात. वर्ध्यातली जुनी नावं कोणी गिऱ्हाईक जमवायला ठेवलेली नव्हती. म्हणूनच नाव बघणाऱ्याचं काय करतं, ते इथे जास्त उघडं दिसतं.

*

आश्रमाच्या आवारातल्या 'आखरी निवासा'पाशी थोडा वेळ नुसतं उभं राहून बघावं. हसत-बोलत आलेली माणसं पाटी वाचतात आणि आवाज आपोआप खाली येतो. बायका पदर सारखा करतात. अकोल्याकडून आलेल्या एका आजीबाईंनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला आणि शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं, "इथंच गेले का जी गांधीबाबा?"

"नाही आजी, ते दिल्लीले गेले. इथून निघाले ते वापस नाही आले, म्हणून आखरी."

आजीबाईंचा चेहरा पडला. हिरमोडच झाला म्हणायचा. पाटीने त्यांना एक मृत्यू कबूल केला होता, तो त्यांना मिळाला नाही.

वस्तुस्थिती अशी की ही कुटी जमनालाल बजाज यांनी स्वतःसाठी बांधली होती. जमनालालजी 1942 च्या फेब्रुवारीत गेले. सेवाग्राममधले शेवटचे दिवस गांधीजी या कुटीत राहिले आणि 1946 च्या ऑगस्टमध्ये इथूनच दिल्लीला निघाले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली, आणि 30 जानेवारी 1948. सेवाग्रामला परतणं झालंच नाही. तेव्हा 'आखरी' हे सेवाग्रामपुरतं आखरी. या जागेला 'जमनालाल कुटी' म्हटलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं, फक्त तिच्यापुढे थांबायला कोणाचे पाय अडले नसते.

'बापू कुटी'ची गोष्ट आणखी वेगळी. नाव द्यायचं काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेलं असतं तर पाटीवर 'राष्ट्रपिता महात्मा गांधी निवासस्थान स्मारक' असं काहीतरी आलं असतं, आणि लोक दहा फुटांवरून बघून, हात जोडून परत गेले असते. 'बापू कुटी' म्हटल्यावर माणसं आत येतात, भिंतीला हात लावून बघतात, कोपऱ्यात मांडी घालून बसतात. घरच्या म्हाताऱ्याच्या खोलीत शिरावं तशी शिरतात. काचेच्या कपाटातला टेलिफोन, साप धरून लांब नेऊन सोडायचा लाकडी चिमटा, मालिशचा बाक, सगळं या मोकळेपणाने बघून होतं.

पण हेच नाव एका माणसाला झाकतं. ही कुटी मुळात मीराबेनची. आत भिंतींवर मातीने उठवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ओम आहे, ते तिच्या हातचं. गांधीजी नंतर इथे राहायला आले. इंग्लंडच्या आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी विदर्भातल्या मातीचं काम शिकली, भिंत सजवली आणि मग त्या भिंतीला दुसऱ्याचं नाव लागलं. तिची त्याबद्दल तक्रार नसणार, याची मला खात्री आहे. तक्रार असेल तर आपली असावी. कारण दहा जणांना विचारलं तर नऊ जण ती ताडाची झाडं बघितल्याचंच सांगत नाहीत.

बाकीच्या कुट्यांची नावं गरजेतून आलेली. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी या गावात पहिल्यांदा आले, त्यानंतर जे पहिलं घर उभं राहिलं ते 'आदि निवास'. त्यात बापू, बा, आश्रमातली मंडळी आणि येणारे-जाणारे पाहुणे, सगळे एकाच छपराखाली. खान अब्दुल गफार खान राहून गेले, तुकडोजी महाराज राहून गेले. बायकामाणसाला आडोसा म्हणून नाही. ती कुचंबणा जमनालालजींच्या लक्षात आली आणि कस्तुरबांसाठी वेगळी खोली झाली, ती 'बा कुटी'. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला होता. लोक सावलीला उभं करायला तयार नव्हते, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतः मालिश केली. ती 'परचुरे कुटी'. या नावांत सजावट शोधून सापडत नाही. कोणाला कशाची गरज होती, त्याची ती नोंद आहे. 1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले होते. बापू कुटीत एका सकाळी बसून राहिल्यावर त्यांना जे वाटलं ते त्यांनी भाषणात मांडलं: आजची घरं माणसापेक्षा सामानासाठी बांधलेली असतात आणि या कुटीत ते उलटं आहे. त्यांना ते सुचलं, कारण ते बसून राहिले होते. स्मारकात कोणी बसत नाही.

*

गावाचं नावसुद्धा तसंच सोयीतून बदललं. मूळ नाव सेगाव. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं मोठं ठिकाण. गांधीजींची टपाल म्हणजे रोजची पोतडी. पत्रं आणि तारा शेगावला जाऊन पडू लागल्या. शेवटी 1940 मध्ये सेगावचं 'सेवाग्राम' झालं. एवढं भारदस्त नाव, पण त्यामागचं कारण पोस्टमनचा गोंधळ.

पुढे या नावाने जे केलं ते कोणी ठरवून केलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी सेवाग्राम म्हणजे आश्रम. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशासाठी ते एक जंक्शन. त्या स्थानकाचं आधीचं नाव 'वर्धा ईस्ट' होतं. रात्री खिडकीतून पिवळी पाटी बघून लोक नमस्कार करतात, आश्रम तिथून ऑटोने बराच पुढे आहे हे त्यांना माहीत नसतं. आणि वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या खेड्यांतल्या माणसासाठी सेवाग्राम म्हणजे कस्तुरबा रुग्णालय. "बाबाले सेवाग्रामले नेलं" असं कोणी सांगितलं की ऐकणारा दर्शनाला का, असं विचारत नाही. किती दिवस झाले, रक्त लागते का, हे विचारतो. 1969 मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्यानंतर हा अर्थ आणखी पक्का झाला. त्या माणसाच्या मनात सेवाग्राम या शब्दाबरोबर औषधाचा वास येतो, डब्याची पिशवी येते, वऱ्हांड्यात काढलेली रात्र येते. तीस वर्षं रुग्णालयात येऊन-जाऊन आश्रम न पाहिलेली माणसं इथे खुशाल भेटतील. पर्यटन विकास महामंडळाच्या माहितीपत्रकात हे सेवाग्राम कुठे दिसत नाही. गावाच्या नावाला सगळ्यात जास्त जागणारं सेवाग्राम मात्र हेच, असं माझं मत.

ज्या शेगावशी घोटाळा झाला त्याची पुढची कहाणीही बघण्यासारखी आहे. गजानन महाराज संस्थानाने तिथे 'आनंद सागर' उभारलं. विदर्भात थीम पार्कच्या सर्वांत जवळ जाणारं काही असेल तर ते हेच: तलाव, मधल्या बेटावर ध्यान केंद्र, बागा, पोरांसाठी छोटी आगगाडी. वर्ध्याची किती कुटुंबं शेगावला 'दर्शनाला' म्हणून निघायची आणि अर्धा दिवस या बागेत काढायची, त्याला गणती नाही. शेगावचा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या माणसाला 'सागर' हे नाव काय वाटत असेल, ते कोकणातल्या माणसाला कळणार नाही. पाणी दुरून आणून तलाव भरला आणि त्याला सागर म्हटलं. त्याला खोटं म्हणायला जीभ वळत नाही. मधली काही वर्षं आनंद सागर बंद होतं, 2023 मध्ये त्यातला काही भाग पुन्हा खुला झाला. पण ते बंद होतं तेव्हाही शेगावला निघालेल्या गाडीत पोरं पहिल्यांदा हेच विचारायची, की आनंद सागर चालू झालं का.

*

आता खऱ्याखुऱ्या थीम पार्कांकडे वळू. 1989 मध्ये मुंबईजवळ गोराईला 'एस्सेल वर्ल्ड' निघालं. नाव म्हणजे कंपनीचं नाव आणि त्याला जोडलेलं 'वर्ल्ड', एवढंच. पण दूरदर्शनवरच्या जाहिरातीच्या गाण्याने ते नाव विदर्भातल्या अशा घरांत नेऊन पोचवलं, जिथून मुंबईला कोणी लग्नकार्याशिवाय गेलं नव्हतं. आमच्या पिढीतल्या अनेकांनी एस्सेल वर्ल्ड कधी पाहिलं नाही, पण ते कसं आहे हे प्रत्येकाला पाठ होतं. 2022 मध्ये त्याचा कारभार थांबला. न पाहिलेली जागा बंद झाल्याचं वाईट वाटणारी माणसं मी वर्ध्यात पाहिली आहेत, आणि मीही त्यातलाच.

खोपोलीजवळचं 'इमॅजिका' 2013 चं. तिथल्या एका राइडचं नाव 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'. होडीत बसायचं, अंधारातून जायचं, डायनासोर अंगावर येतो, पाणी उडतं, बाहेर पडायचं. राजासॉरस हा काही राइडवाल्यांनी घडवलेला प्राणी नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडलेल्या हाडांवरून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं; डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, म्हणून राजा. उद्यानवाल्यांना आयतंच हाती लागलं.

आता वर्ध्याचा शेजार बघा. हिंगणघाट ओलांडून वरोऱ्याच्या दिशेने गेलं की चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव लागतात. डायनासोरांच्या अवशेषांसाठी जगभरच्या अभ्यासकांना ही नावं माहीत आहेत. डोंगरगावला सापडलेल्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य प्राण्यालाही योगायोगाने 2003 मध्येच नवं नाव मिळालं. काय, तर 'आयसिसॉरस'. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या कोलकात्याच्या संस्थेची आद्याक्षरं, म्हणजे 'आयएसआय', त्यात जशीच्या तशी घातलेली. एकाला नर्मदेचा राजा केलं, दुसऱ्याला सांख्यिकी संस्थेचा कर्मचारी. वरोऱ्याच्या पोराला खोपोलीचा राजासॉरस ठाऊक असतो, घरामागच्या शेतातला आयसिसॉरस ठाऊक नसतो. अंतर, जाहिरात, पैसा ही कारणं आहेतच. पण 'आयसिसॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'चं तिकीट कोणी काढलं असतं का, हेही विचारून बघावं.

नाव चुकलं तर मोठ्यांचीही पंचाईत होते. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 12 एप्रिल 1992 रोजी पॅरिसजवळ 'युरो डिस्ने' उघडलं. त्याआधीच आरियान म्नूश्किन या फ्रेंच नाट्यदिग्दर्शिकेने त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटलं होतं, आणि हे टोपणनाव मूळ नावाच्या पुढे धावलं. चेर्नोबिलच्या स्फोटाला तेव्हा सहा वर्षं होत होती. शब्द ताजा होता. पहिली दोन-तीन वर्षं तोट्यात गेली. 1994 मध्ये नाव बदलून 'डिस्नेलँड पॅरिस' केलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयस्नर यांनी पुढे कारण सांगितलं ते मासलेवाईक आहे: 'युरो' हा शब्द अमेरिकन कानाला रुबाबदार वाटतो, युरोपियन माणसाला मात्र तो ऐकून चलन आणि व्यापार आठवतो. तोटा काही एका नावामुळे झाला नव्हता. हॉटेलं महाग होती, कर्ज डोईजड होतं. पण ज्यांना बोलवायचं आहे त्यांच्या कानाने नाव ऐकून बघायचं राहून गेलं, हे त्यांनी स्वतः मान्य केलं.

*

नाव बदललं की बघणाऱ्याची अपेक्षा बदलते, याचं वर्ध्यातलं उत्तम उदाहरण म्हणजे बोर.

सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे, बोर नदीवर धरण आहे. जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या 'बोरधरणला' जात आली. म्हणजे रविवारी डबे बांधायचे, पाण्याच्या काठाला सतरंजी टाकायची, भरीत-भाकर खायची, पोरांनी पाण्यात दगड मारायचे, उन्हं उतरली की घरी. माकड दिसलं तर मजा, हरीण दिसलं तर चर्चा. 1970 मध्ये तिथे अभयारण्य झालं तरी या कार्यक्रमात फरक पडला नाही. मग 2014 मध्ये बोर 'व्याघ्र प्रकल्प' झाला, देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगल तेच, धरण तेच. येणारा माणूस बदलला. तो आता जिप्सीत बसतो, पैसे मोजतो आणि वाघ मागतो. परतताना फाटकावर गाइडला पहिला प्रश्न येतो, "झाला का?" म्हणजे वाघ झाला का. नाही म्हटलं की चेहरे उतरतात. नीलगाय, अस्वल, रानकुत्री, मोर, सगळं दिसलेलं असतं, पण ते पाटीवर नव्हतं. 'बोरधरण' या नावाने कोणालाच कधी निराश केलं नाही, कारण धरण रोजच जागेवर असतं.

वनखात्याच्या कागदावर वाघांना अक्षरं आणि आकडे असतात. माणसांना आकडा तोंडात धरवत नाही. बोरच्या एका वाघिणीचं नाव पडलं कतरीना. नाव पडल्याबरोबर ती बातमीत आली, तिची पिल्लं बातमीत आली, पुण्याहून लोक 'कतरीना बघायला' म्हणून येऊ लागले. बाजीराव नावाचा बोरचा वाघ 2017 च्या अखेरीस महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला; लोकांनी माणूस गेल्यासारखी हळहळ केली. उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' 'शोले'तून आला होता. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला तेव्हा खासदारांपासून पोलिसांपर्यंत सगळे त्याला शोधत होते. त्याच काळात बिननावाचे वाघ विजेच्या तारांना लागून मेले, त्यांच्यासाठी आतल्या पानावर चार ओळी.

हे नावाचं वजन कुठवर जातं, ते वर्धा नदी ओलांडल्यावर दिसलं. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात एका वाघिणीवर 13 माणसं मारल्याचा ठपका होता. वनखात्यासाठी ती 'टी-1'. गावकऱ्यांसाठी ती नुसती 'वाघीण', आणि तिच्या भीतीने कापूस वेचायला मजूर मिळेनात. शहरांत, मोर्च्यांच्या फलकांवर आणि वाहिन्यांवर ती होती 'अवनी', दोन पिल्लांची आई. 2 नोव्हेंबर 2018 रोजी तिला गोळी घालण्यात आली. गावांत फटाके वाजले, मुंबईत मेणबत्त्या लागल्या. अवनी या नावाखाली जमलेल्यांना मारल्या गेलेल्या तेरा जणांपैकी एकाचं तरी नाव ठाऊक होतं का, असा प्रश्न तेव्हा राळेगावकडे लोक विचारत होते. मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. वाघीण मारायला हवी होती की नको, हा वाद वेगळा आणि मोठा आहे. पण ज्याला नाव मिळालं त्याचीच बाजू मांडली गेली, इतकं दिसलं.

*

नाव आणि ठिकाण यांचा थेट झगडा बघायचा असेल तर वर्ध्यातच, गोपुरीच्या बाजूला, गीताई मंदिर आहे. 1980 मध्ये विनोबांच्या हस्ते ते खुलं झालं. त्याला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. दगडी शिळा उभ्या केल्या आहेत, त्यांवर विनोबांच्या मराठी गीतेचे, 'गीताई'चे श्लोक कोरले आहेत. नारळ, फुलं घेऊन आलेलं कुटुंब शिळांच्या मधून एक फेरा मारतं आणि फाटकाशी येऊन विचारतं, "देव कुठं आहे?" हा हिरमोड मला आखरी निवासातल्या हिरमोडापेक्षा बरा वाटतो. इथे नाव मुद्दाम खोडी काढतं. विनोबांना शब्दांशी असा खेळ करायची सवयच होती. पवनारला धाम नदीच्या पलीकडे राहायला गेले आणि त्या जागेला 'परंधाम' म्हणाले. नारळ हातात घेऊन उभा असलेला माणूस मग वेळ जात नाही म्हणून एखादी शिळा वाचू लागतो. वाचायला लावण्यासाठीच तर ती उभी आहे.

जाता जाता मगन संग्रहालयाचं सांगून टाकतो. 1938 मध्ये गांधीजींनी ते खुलं केलं. ग्रामोद्योगांचं संग्रहालय; नाव मगनलाल गांधींचं. दक्षिण आफ्रिकेतल्या चळवळीला नाव सुचवा म्हणून 'इंडियन ओपिनियन'मध्ये आवाहन झालं होतं, तेव्हा मगनलालांनी 'सदाग्रह' सुचवलं, बक्षीस मिळवलं, आणि गांधीजींनी त्याचं 'सत्याग्रह' केलं. 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हे परकं नाव चळवळीबद्दल गैरसमज पसरवत होतं, म्हणून हा खटाटोप. नावं ठेवण्याच्या स्पर्धेत जिंकलेल्या माणसाच्या नावाचं संग्रहालय आपल्या गावात आहे, हे वर्धेकरांना सांगितलं की ते म्हणतात, "हो का?"

*

अलीकडची नावं बहुतेक समित्यांनी ठेवलेली आहेत आणि ती वाचतानाच कळतं. सेवाग्राम विकास आराखड्याची कल्पना 'गांधी फॉर टुमॉरो' या नावाने मांडली गेली. त्यातून रस्ते झाले, सभागृह झालं, भला मोठा चरखा आला, भंगारातल्या लोखंडातून उभारलेले गांधी-विनोबांचे उंच पुतळे आले. पुतळे चांगले आहेत, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या मंडळींचं काम आहे. पोरं त्यांच्यापुढे फोटो काढतात आणि त्यांना तिथे 'झुले नाहीत का' असं विचारावंसं वाटत नाही, हेही खरं. पण 'गांधी फॉर टुमॉरो' हे नाव मी आजवर एकाही ऑटोवाल्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो 'चरखा' म्हणतो आणि बरोबर जागी नेऊन सोडतो.

लांबलचक नावांचं हेच होतं. नागपुरातलं प्राणी उद्यान 26 जानेवारी 2021 रोजी खुलं झालं. त्याला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं गेलं; आदिवासी संघटनांनी 'गोंडवाना' नावासाठी आंदोलन केलं. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या, आणि लोक आजही 'गोरेवाडा' म्हणतात. वर्ध्यातून जाणाऱ्या महामार्गाचं अधिकृत नाव एका दमात वाचून होत नाही. सगळ्यांसाठी ती 'समृद्धी'. या समृद्धीने शिर्डी जवळ आली, आणि शिर्डीत आता 'साईतीर्थ' नावाचं भक्तीचं थीम पार्क आहे. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. 'तीर्थ' म्हटल्यावर घरातली आजी तिकिटाच्या पैशाला नको म्हणत नाही.

आणि वर्धा शहरातली आयटीआय टेकडी. उघडीबोडकी टेकडी होती. निसर्गप्रेमी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून, उन्हाळ्यात पाणी वाहून तिथे झाडं जगवली. काम खरं आहे, घामाचं आहे. आता ती 'ऑक्सिजन पार्क' झाली. सकाळी फिरायला येणारे डोंगरमाथ्यावर उभे राहून छाती भरून श्वास घेतात. टेकडी होती तेव्हा कोणी असा श्वास घेत नसे. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या लाटेत, सिलिंडरसाठी रात्र-रात्र फिरलेल्या माणसाला त्या नावाची पाटी वाचून काय वाटतं, ते त्यालाच विचारावं. माझी अडचण दुसरी आहे. ऑक्सिजन पार्क म्हटलं की ऑक्सिजन तिथे मिळतो आणि बाकीच्या गावात तो नसला तरी चालतो, असा एक भाव त्या नावात शिरतो. 2020 मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. गांधीजींच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी, रस्त्याने चालणाऱ्याला सावली देणारी झाडं. नागरिक रस्त्यावर उतरले, तोड थांबली. त्या रस्त्याला कोणी पार्क म्हटलेलं नव्हतं. ती नुसती झाडं होती, म्हणून ती तोडायला निघणाऱ्याला काही वाटलं नसावं. नागरिकांनी ती अडवली ते बरं केलं. प्रत्येक झाडाला वाचवायला पाटी लागत असेल तर पाट्यांना लागणारं लाकूडही पुरायचं नाही.

टेकडीला टेकडी म्हणू द्या, बोरधरणाला बोरधरण म्हणू द्या, हा हट्ट मी धरणार नाही. नावं बदलतात. सेगावचं सेवाग्राम झालं नसतं तर गांधीजींची निम्मी टपाल शेगावलाच पडून राहिली असती. पण बदलताना जुनं नाव पुसून टाकायची जी घाई असते, तिची गरज नाही. नगरपरिषद, वनखातं आणि आश्रम प्रतिष्ठान, तिघांकडेही माझं एकच मागणं आहे: नव्या नावाखाली बारीक अक्षरांत जुनं नाव लिहा आणि ते कधी, कशामुळे बदललं ते दोन ओळींत सांगा. आखरी निवासापुढे '1946 मधला सेवाग्रामचा शेवटचा मुक्काम' एवढं, बापू कुटीपुढे 'मूळची मीराबेनची' एवढं, ऑक्सिजन पार्कपुढे 'आयटीआय टेकडी' एवढं. खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे.